देव्हाऱ्याच्या वरची रेघ

माझ्या आत्याच्या खोलीत देव्हाऱ्याच्या खाली भिंतीवर खिळ्यांची भोकं आहेत, एकावर एक. नवीन माणूस विचारतो, इथे काय टांगलं होतं? टांगलं काही नव्हतं, देव होते. खोलीत पाणी शिरलं आणि देव भिजले की देव्हाऱ्याची फळी काढायची आणि थोडी वर ठोकायची, हा आत्याचा नेम. आतोबा होते तोवर ते ठोकायचे, मग माझा दादा, मग मी. लहानपणी मी मांडी घालून बसले तरी गणपतीच्या पायाला माझा हात पोचायचा. आता आत्या स्टुलावर चढून पूजा करते आणि मी गेले असेन तर दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहते, कारण तिचे गुडघे आणि ते स्टूल यांत जास्त डगमगणारं कोण हे सांगता येत नाही.

ही खोली बोरिवलीत नदीकाठच्या बैठ्या चाळीत आहे. गिरणी बंद पडल्यावर आतोबांनी लालबागची जागा सोडली आणि इथे आले. नदीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या काठची माणसंही तिला नाव घेऊन हाक मारत नाहीत, नाला म्हणतात. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात ती उगम पावते, तिथे तिच्यात मासे आणि खेकडे आहेत. हमरस्ता ओलांडून आमच्यात आली की ती नाला होते आणि पुढे खाडीला मिळेपर्यंत नालाच राहते.

आई ऑफिसात जायची, म्हणून शाळा सुटली की मी आत्याकडे. तिला मूलबाळ नाही. पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा आणि वर तिची बडबड, असं माझं दुपारचं जेवण असायचं. पावसाळा सरला की आम्ही चाळीतली पोरं नदीतल्या दगडांवर पाय सोडून बसायचो आणि आत्या दारातून ओरडायची, "खोल जाव नको गो चेडवा!" आमच्या वेळी नदी स्वच्छ होती असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. तेव्हाही वास यायचा. फरक एवढाच, की तेव्हा पाऊस पडला की पाणी हळूहळू चढायचं. आत्याला भांडी माळ्यावर टाकायला, गादी गुंडाळायला, शेजारणीशी चार शब्द भांडायलासुद्धा वेळ मिळायचा. आता पाणी सांगून येत नाही. ते एकदम दारात उभं असतं.

आमचं स्वतःचं घर वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला होतं. तीन मजली इमारत, भोवती मातीचं आवार, एक आंबा, एक विहीर. पावसाळ्यात त्या आवारात चिखल व्हायचा. आई रोज संध्याकाळी दारात चपला आपटत सोसायटीच्या नावाने खडे फोडायची. पाणी दिवसचे दिवस साचून राहायचं, डास व्हायचे. कधी एकदा हे सगळं जाऊन लाद्या बसतात असं आम्हा सगळ्यांना झालं होतं. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. आई-बाबा नवं घर बघायला राहिले नाहीत. दादा आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये उंचावर राहतो, मी लग्न होऊन मुलुंडला गेले आणि आत्या जिथे होती तिथेच राहिली.

आता माझ्या कामाबद्दल. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत नकाशे करते. एखाद्या नदीचं खोरं घ्यायचं, म्हणजे जिथे पडलेला पाऊस शेवटी त्या नदीत येतो ती सगळी जमीन. वरून काढलेली उपग्रहाची चित्रं घ्यायची आणि त्या जमिनीचे तुकडे पाडायचे: हे जंगल, ही इमारत, हा रस्ता, ही मोकळी माती, ही हिरवळ. जंगल पाणी पितं, माती पिते, डांबर पीत नाही. प्रत्येक तुकड्याला त्याच्या पिण्याचा एक आकडा असतो. जे प्यायलं गेलं नाही ते नदीत. मग मोठा पाऊस झाला तर नदी किती फुगेल याचा हिशेब निघतो आणि त्यावरून काठाने एक रेघ ओढतात. पूररेषा. रेघेच्या आत घर असू नये. ऐकायला सोपं आहे. करायलाही सोपं आहे, म्हणूनच चुका होतात.

आमच्या धंद्यातल्या चुका खास मुंबईच्या असतात. पावसाळ्याआधी गळकी गच्ची आणि झोपड्यांची छपरं निळ्या ताडपत्रीने झाकतात ना, ते निळं पाहून आमचं सॉफ्टवेअर सांगतं, इथे तलाव. घाटकोपरच्या टेकडीवर आम्हाला एकदा एवढे तलाव सापडले की राजस्थानला पुरवठा करता आला असता. तेव्हापासून निळं दिसलं की आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासतो. भाड्याने देतात ती प्लास्टिकच्या गवताची मैदानंही आम्हाला फसवत नाहीत, कारण जिवंत पान आणि प्लास्टिक यांतला फरक त्या चित्रांत कळतो. आम्ही हुशार आहोत असं आम्हाला वाटायचं.

आमच्याच नदीचं काम महापालिकेकडून ऑफिसात आलं तेव्हा मी मॅडमना लगेच सांगितलं की माझी आत्या तिथे काठावर राहते. मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण, माझ्याहून थोड्या मोठ्या, तोंडाने फटकळ पण कामात चोख. त्या म्हणाल्या, "बरंच झालं की. निदान कुणीतरी ती नदी पाहिलेली आहे."

पहिला मसुदा तयार झाला. त्यात असं निघालं की वरच्या अंगाला इमारती वाढल्या, मजले वाढले, पण हिरवळ घटलेली नाही. उलट थोडी वाढलीय. म्हणजे वरून पाणी पूर्वीइतकंच येतं. पूररेषा जवळजवळ जुन्या जागीच राहिली, आत्याच्या चाळीच्या भिंतीला चाटून, पण चाळीच्या बाहेरून. मग पाणी चाळीत शिरतं कशाने? तर काठावरच्या वस्तीने पात्र अरुंद केलंय आणि कचरा टाकलाय त्याने. उपाय म्हणजे गाळ काढा, भिंत बांधा, लोकांना शिस्त लावा.

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. कचरा चाळीतली माणसं टाकतात, खोटं कशाला बोलू. आत्यासुद्धा माशाचं पाणी खिडकीतून नदीत ओतते आणि मी ओरडले तर म्हणते, "मास्याचा मास्याक दिलंय." पण म्हणून सगळं खापर तिच्या डोक्यावर? पण आकड्यांशी भांडता येत नाही. एकदा भिंतीवरची ती भोकंसुद्धा मी मोजपट्टी घेऊन मोजली. त्यातून काही सिद्ध होईना. मधल्या काळात चाळीची जमीन दोनदा भर घालून उंच केलेली होती, आणि कुठलं भोक कुठल्या पावसातलं यावर आत्या आणि शेजारीण यांचं एकमत होईना. मोजपट्टी पिशवीत घालून मी गप्प घरी आले.

त्या कार्तिकात दादाच्या टॉवरमध्ये तुळशीचं लग्न होतं. पोडियमवर, म्हणजे गाड्या ठेवायच्या मजल्यांच्या वर जी मोठी गच्ची असते, तिथे त्यांनी बाग केलीय. लॉन, फुलझाडं, मुलांचे झोपाळे. काही वेगळं न वाटता मी तिथे कितीतरी वेळा बसले होते. त्या दिवशी पाटावर वृंदावन मांडलं, बोरं-आवळे आले, चिरमुऱ्यांची परात आली. दादाने उसाच्या मोळ्या आणल्या होत्या, तुळशीभोवती मांडव करायला. त्याने एक कुदळ पैदा केली, लेंगा वर खोचला आणि लॉनमध्ये ऊस रोवायला पहिला घाव घातला.

"अहो, अहो! खणताय काय!" सोसायटीचे सेक्रेटरी अंतरपाट हातात घेऊन धावत आले. "खाली वॉटरप्रूफिंग आहे! फाटलं तर वाट लागेल. बरोबर खाली माझी गाडी आहे!"

सगळे हसले. दादाही हसला. जिथे घाव पडला होता तिथे वीतभरसुद्धा माती नव्हती. तिच्याखाली काळं प्लास्टिक, त्याखाली सिमेंट. मग कुणीतरी रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या, त्यांत रेती भरली, त्यांत ऊस उभे केले आणि मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या हातात अक्षता होत्या, त्या मी टाकल्याच नाहीत. मी त्या खड्ड्याकडे बघत होते.

ही हिरवळ जिवंत होती. पानं खरी होती. आमच्या नकाशात हा तुकडा बाग म्हणून नोंदलेला होता, पाणी पिणारी जमीन. आणि ती पीत होती किती? एक वीत. त्याच्या पुढचं सगळं नळीतून खाली, खालून गटारात, गटारातून नदीत. आमचं आवार इथेच होतं. आंबा बहुतेक तिथे, झोपाळ्याच्या जागी असावा. आईच्या चपलांना लागणारा तो चिखल म्हणजे काय होतं हे मला त्या घटकेला कळलं, आणि एवढी वर्षं हेच काम करून ते तेव्हा कळावं याचा मला संताप आला. निळ्याला फसलो नाही म्हणून मिरवत होतो, आणि हिरव्याने आम्हाला सरळ खिशात घातलं होतं.

सोमवारी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"पोडियम," मी म्हटलं. "वरच्या अंगाच्या जवळजवळ प्रत्येक नव्या टॉवरला आहे. आपण त्यांना बाग म्हणून धरलंय."

मॅडमनी चष्मा काढला. "यार," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ओळखणार कसे? वरून सगळं हिरवंच."

"उतरण शोधायची. हिरवळीच्या कडेला गाडी आत जाणारा उतार असेल तर खाली पार्किंग आहे. शिवाय जुनी चित्रं लावू. जिथे पूर्वी झाड होतं आणि आता काटकोनातलं लॉन आहे, तिथे संशय."

"कर," मॅडम म्हणाल्या. "पण चालत जाऊन बघायचं. स्क्रीनवर बसून नाही."

मी चालले. दरवाजावरच्या सिक्युरिटीवाल्यांशी हुज्जत घातली. मला घर घ्यायचंय अशी थाप मारून किती टॉवर्सच्या बागा पाहिल्या याचा हिशेब नाही. सेल्सची मुलं मोठ्या कौतुकाने सांगायची, मॅडम, एवढा ओपन स्पेस बोरिवलीत कुठे मिळणार नाही. मी सँडलच्या टाचेने माती उकरून बघायची. त्या दिवसांत मी खूष होते. मनात एकच होतं की आता आत्याची बाजू खरी ठरणार. पाणी वरून वाढलंय, हे पांढऱ्यावर काळं होणार, आणि चाळीला शिस्त शिकवणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लागणार.

सगळे तुकडे बदलून मी हिशेब पुन्हा चालवला. मला वाटलं होतं तसाच आला. वरून येणारं पाणी वाढलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे ते लवकर येत होतं. माती पाणी अडवून ठेवते, सोडते ती सावकाश. नळ्या अडवत नाहीत. मी टेबलावर हात आपटला आणि बाजूच्या मुलीला म्हटलं, बघ! मग पूररेषा नव्याने ओढली गेली. ती जुन्या रेषेला सोडून काठापासून बाहेर सरकली, रस्त्यापर्यंत गेली, आणि आत्याची चाळ पूर्ण तिच्या आत आली.

पाणी जास्त येतं म्हणजे नदीला जागा जास्त लागणार, यात न कळण्यासारखं काय होतं? नवशिक्या पोरीलाही कळलं असतं. मला मात्र आत्याला निर्दोष ठरवायची एवढी घाई झाली होती की पुढचं पाऊल मी बघितलंच नाही. ती निर्दोष ठरली होती. आणि निर्दोष ठरल्यामुळेच तिला उठावं लागणार होतं. चुकीच्या अहवालात ती दोषी होती पण घरात होती.

टॉवर्सना काही होणार नव्हतं. ते उंचावर होते, रेषेपासून कितीतरी लांब. आणि त्यांनी बेकायदा असं काहीच केलेलं नव्हतं. प्रत्येकाला परवानगी होती, प्रत्येकाची बाग नियमात बसत होती. माझ्या भावाच्या लॉनवर मी काय गुन्हा दाखल करू?

मॅडमनी नकाशा पाहिला. त्यांना चाळ कुठे आहे ते माहीत होतं. "तू या कामातून बाजूला हो," त्या म्हणाल्या. "शेवटचा नकाशा मी दुसऱ्या कुणाला देते. तुझं नाव नको त्यावर."

"नको," मी म्हटलं. "मीच काढते."

हे मोठेपणाने म्हटलं नाही. दुसऱ्या कुणी ती रेघ काढली असती तर मी प्रत्येक आकड्यात खोट काढत बसले असते आणि आत्याला सांगितलं असतं की ऑफिसने केलं. मला स्वतःची ओळख आहे. आणि दुसरं म्हणजे मला भीती वाटत होती. मागच्या एका मोठ्या पावसात आत्या माळ्यावर चढून बसली होती, देव पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी तिला खाली उतरवली तर पहिली चौकशी काय, तर माझ्या डाळीच्या डब्यात पाणी गेलं का. सगळ्यांना ती गोष्ट विनोद म्हणून सांगायची सवय झालीय. नव्या हिशेबातलं पाणी त्या माळ्यापर्यंत येत होतं. मग तिथून वर चढायला काही नाही. वर पत्रा आहे.

अहवाल गेला. वाढत्या पाण्याचं कारण काय, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वरच्या अंगाला पाणी मुरायला खरी माती सोडा, पावसाचं पाणी जागीच अडवा, अशा पानं भरून सूचना होत्या. ती पानं अजून आहेत, फाइलमध्ये. अंमल करायला सोपं होतं तेवढंच उचललं गेलं, आणि ते म्हणजे रेघ.

महापालिकेचे लोक येण्याआधी आत्याला आपणच सांगायचं असं मी ठरवलं. गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होती. मी पण बसले, मूठभर पुढ्यात ओढली आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. डोंगर, टॉवर, पोडियम, दादाचा तो ऊस. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे तिच्या बाबतीत चांगलं लक्षण नव्हे.

"म्हंजे पाणी आमी नाय वाढवला," शेवटी ती म्हणाली.

"नाही आत्या. तुम्ही नाही वाढवलं."

"वरच्यांनी वाढवला."

"हो."

"मगे पाणी वरसून येता आणि उठूचा आमी?"

मी हो म्हटलं.

"दादाचा टॉवर थयच रवतला?"

"तो उंचावर आहे, आत्या."

"ता माका दिसता," ती म्हणाली. तिच्या दारातून तो खरंच दिसतो. तिने कोलंबीची टरफलं गोळा केली, खिडकीशी गेली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नदीत टाकली.

दादाला सांगितलं तर तो हळहळला, नाही असं नाही. "माझ्याकडे येऊ दे ना तिला," तो म्हणाला. "एक खोली रिकामीच असते. आणि वस्तीला बदली घरं देतील की, पक्की. तिचं भलंच आहे यात." आत्याने त्याला फोनवर सांगितलं, "माका लिफ्टीत धडधडता," आणि विषय संपवला. बदली घरं खाडीपलीकडच्या वसाहतीत आहेत. चाळीतल्या काहींनी जाऊन पाहिली, परत येऊन नुसत्या माना हलवल्या. पावसाळा झाल्यावर हलवायचं असं ठरलं.

होळीनंतर माणसं आली, लाल रंगाचा डबा घेऊन. मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत चढेल ती उंची त्यांनी प्रत्येक दारावर ओढली, पट्टी लावून, नीट. मी त्या रविवारी गेले तर आत्या दाराबाहेर कमरेवर हात ठेवून वर बघत होती. मग ती आत गेली, स्टूल ओढलं आणि त्यावर चढायला लागली. मी धावत जाऊन स्टूल धरलं. तिने दाराबाहेरच्या रेघेचा अंदाज घेऊन आतल्या भिंतीवर बोट टेकवलं. बोट देव्हाऱ्याच्या वर गेलं.

"देवांच्या वर?" तिने विचारलं.

"हो."

"ही रेघ तू काढलंस?"

"हो, आत्या."

ती स्टुलावरच उभी राहिली. मी खालून तिचे पाय बघत होते, भेगा पडलेले, एका बोटात जोडवं रुतलेलं. मला रडू आलं आणि मला रडताना बघायला तिला मान खाली घालावी लागली असती, ती तिने घातली नाही. "धर नीट," एवढंच म्हणाली, आणि आलीच आहे वर म्हणून तिने देवांना कुंकू लावून घेतलं.

त्यानंतर पावसाळा आला. बदली घराच्या चाव्या मिळायच्या होत्या आणि आत्या जागची हलायला तयार नव्हती. भर श्रावणात दोन दिवस असा पाऊस लागला की मुलुंडला आमच्या गल्लीत रिक्षा येईना. मी घरात फोन हातात घेऊन फेऱ्या मारत होते. आत्याचा फोन लागत नव्हता. दुपारी पाऊस थोडा थांबला आणि फोन वाजला. दादाचा होता.

"आत्याचं काय ते मी बघतो जाऊन, तू टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "पण काय पाऊस गं! आणि सांगू, आमच्याकडे एक थेंब साठला नाही. झकास ड्रेनेज केलंय बिल्डरने. चहा होईपर्यंत पोडियम कोरडं, मुलं खेळायला उतरलीसुद्धा."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याला खरोखरच आनंद झाला होता, आणि आमच्या जुन्या आवारातल्या चिखलात तोही माझ्याएवढाच वाढला होता. "छान," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर लगेच आत्याचा आला, शेजारणीच्या फोनवरून. आवाज खणखणीत, मागे बादल्यांचा आणि खराट्याचा आवाज.

"पाणी इला होता गो! उंबऱ्यावरसून आत इला, गुडघ्याच्या वर गेला. पण देवांच्या खालीच रवला. आणि तुझी रेघ सुकी आसा! आताच बघून इलंय. चुकला मा तुझा गणित?"

मी खुर्चीत बसले. ती ठीक होती. आणि तिला कसं सांगणार की ती रेघ या पावसाची नाही, अजून न पडलेल्या पावसाची आहे? तो यंदा येईल, किंवा ती आणि मी दोघी गेल्यावर येईल. एवढी वर्षं काम करते, पण आपला आकडा खोटा निघावा असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"हो आत्या," मी म्हटलं. "चुकलं असेल माझं."

"मगे उद्या हापिसात जाऊन सांग. म्हणाचा, माझ्या आत्येन डोळ्यांनी बघल्यान. पुसून टाकूक सांग ती रेघ."

"सांगते."

मागे खराटा थांबला. शेजारीण काहीतरी म्हणाली, आत्याने तिला गप्प केलं. मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "रविवारी येतलंस?"

"येते ना."

"येताना मोठे खिळे घेवन ये. देव वर घेवचे आसत."

"कुठपर्यंत?"

"तुझ्या रेघेच्या वर," आत्या म्हणाली.

रेघेच्या वर पत्र्यापर्यंत देव्हारा बसेल एवढी जागा नाही, हे मला माहीत होतं. ती उंची मीच मोजली होती. मी खिळे आणते म्हणून सांगितलं.